बख्तरबंद वरात

"आधी उभं तं करू, मंग पाहू."

हे हवालदारचं वाक्य. बसची बॉडी बांधायची असो, शेडचा खांब रोवायचा असो की कुणाचं मोडत आलेलं लग्न सावरायचं असो, तो डोक्यावरची टोपी मागे सारायचा, मधल्या बोटाच्या पेराने समोरच्या पत्र्यावर टकटक करायचा आणि हेच म्हणायचा. पत्रा नसला तर टेबलावर टकटक, आणि टेबलही नसलं तर माझ्या खांद्यावर. माझ्या खांद्याला मडगार्डासारखा पोचा पडला नाही, हे माझं नशीब.

अमरावतीला बडनेरा रोडवर माझं गॅरेज होतं, त्या काळातली ही गोष्ट. हवालदार माझ्याकडे मेकॅनिक होता, ड्रायव्हर होता, आणि वेळ पडली की माझा वकीलही होता. मी पहिल्यापासून तापट. गिऱ्हाइकाने बिलावर कुरकुर केली की माझं डोकं सटकायचं आणि हातात पान्हा असायचा. मग हवालदार मधे पडायचा. "मालक, तुमी चहा प्या," म्हणून मला मागे ढकलायचा आणि दोन मिनिटांत गिऱ्हाइकाला हसवून परत पाठवायचा. त्याच्यामुळे माझ्यावर एकही फौजदारी झाली नाही.

खरं म्हणजे तो हवालदार कधीच नव्हता. मोठ्या लढाईत, त्याच्या भाषेत 'लामावर', तो नुसता ड्रायव्हर होता. पण तिथे आपण बख्तरबंद गाडी चालवली असं तो सांगायचा. सगळीकडून जाड लोखंडी पत्रा, बघायला फक्त एक फट, आणि बाहेरून गोळ्या गारपिटीसारख्या वाजायच्या म्हणे. आमचे पेंटरचाचा, ट्रकच्या पाठीमागे मोर आणि कमळं काढणारे, त्याला कायम डिवचायचे. "बख्तरबंद नहीं, बकरीबंद चलाया होगा तूने." हवालदार हसायचा. "चाचा, बकऱ्याच होतो आमी. पन आतमंदी होतो म्हनून वाचलो."

आता ट्रकचं सांगतो. ट्रक माझा होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी त्याच्या नावाने वाट्टेल ते सांगितलं. लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावात मी तो हौसेने घेतला होता. चासी, इंजिन आणि अर्धं केबिन, एवढाच काय तो ट्रक. बॅटरी उभी राहत नव्हती, हँडल मारल्याशिवाय इंजिन घुरघुरतसुद्धा नव्हतं. निंबाखाली तो उभा होता आणि शेजारच्या कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. तरी माझा जीव होता त्याच्यावर. असतो एखाद्याचा.

होळी झाली आणि एक दिवस हवालदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टकटक नाही, काही नाही.

"मालक, थो ट्रक पाह्यजे. पोरीचं लगन हाये."

"घेऊन जा ना. वऱ्हाड न्यायचं असन तं एखादी धड गाडी घे. हे खटारं कायले?"

"हेच पाह्यजे. याच्यावर बख्तर चढवाचं हाये."

भर उन्हात याचं डोकं फिरलं असावं असं मला वाटलं. मग तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

त्याचं गाव भातकुलीच्या पलीकडे. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं आता माझ्या ओळखीची आहेत. गावाला दगडी वेस, वेशीतून आत पाटलाच्या वाड्यावरून जाणारी पुढची गल्ली, आणि गल्लीच्या शेवटी, गावाबाहेर, यांची वस्ती. वस्तीतल्या माणसाने कामासाठी त्या गल्लीतून यावं-जावं, पण वरात न्यायची नाही. वरात मागच्या नाल्याच्या वाटेने. हवालदार लामावरून परत आला तेव्हा त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. गणवेशात होता, रग होती अंगात. भावाची वरात त्याने वेशीतून घातली. दगड आले. एक दगड नवरदेवाच्या डोळ्यावर बसला आणि तो डोळा गेला. त्यानंतर हवालदार गाव सोडून अमरावतीला आला तो आलाच.

पुढे सगळ्या वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. गावकीची कामं सोडली. पण वरातीचा रस्ता मात्र तोच राहिला. आणि आता गावात अंथरुणाला खिळलेली हवालदारची आई हट्ट धरून बसली होती. लग्न अमरावतीला करा, माझी ना नाही, पण नात आणि जावई वेशीतून माझ्या दारी येतील तेव्हाच माझं मन भरेल. म्हातारी दुसरं काही बोलतच नव्हती.

"पोलिसात सांगू," मी म्हणालो.

"पोलीस येईन मालक, अन् म्हनन, मांगून जा, भांडन नोको." त्याने हात चोळले. "भावाचा डोळा मी घालवला. पोरीचा नाई घालवनार. दगड येऊन राह्यले तं येऊ दे. पत्र्यावर येऊ दे."

ट्रक देऊन टाकला. दुसरं काय करणार होतो मी?

आता बख्तरासाठी लोखंड कुठून आणायचं? हवालदारने डांबराचे रिकामे ड्रम जमवले. रस्त्याच्या कामावर ते पडलेले असायचेच. छिन्नीने ड्रम उभा फाडायचा, घणाने ठोकून सपाट करायचा, की झाला पत्रा तयार. गॅरेजमध्ये असा काही दणदणाट सुरू झाला की समोरच्या चक्कीवाल्याने येऊन हात जोडले. डांबराचा वास माझ्या डब्यातल्या पोळीलाही यायला लागला. मी शिव्या घालत होतो आणि अँगल धरूनही ठेवत होतो. संध्याकाळी काम संपलं की गॅरेजातली सगळीच मंडळी त्या ट्रकला लागायची. सांगितलं कुणी नव्हतं.

रुंदीची त्याला काळजी होती. गाडी वेशीत अडकायला नको. मी म्हणालो, कुणाला तरी पाठवून वेस मोजून आण. तो म्हणाला, "गरजच नाई." आणि गॅरेजच्या फरशीवर डोळे मिटून पावलाला पाऊल लावत चालत गेला. "इथं एक फुटका दगड हाये. इथं गाड्याच्या चाकाची चाकोरी. अन् इथं दुसरी भिंत." त्याने खडूने रेघ मारली. पुढे ती रेघ बोटभरही चुकली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

भांडण झालं ते बंदुकीवरून. चाचांना पुढे तोफ हवी होती. बोअरिंगचा पाइप त्यांनी आणूनही ठेवला होता. "बगैर तोप का ये पानी का टँकर लगेगा!" हवालदार ऐकेना. "चाचा, मले कोनाले मारायचं नाई. मले पोचायचं हाये." चाचा रुसले. मग समेट झाला तो असा, की तोफ नाही, पण वर एक गोल बुरूज असावा आणि त्याला झाकण असावं. "दुल्हा दिखेगाच नहीं तो बारात काहे की?" हे मात्र हवालदारला पटलं. गल्ली ओलांडली की झाकण उघडून जावई वर उभा राहील आणि म्हातारी दारातल्या खाटेवरून त्याला लांबूनच बघेल. दोन ड्रम एकावर एक चढवून बुरूज उभा राहिला. रंग लष्करी हिरवा ठरला होता. चाचांनी घोटला तो निघाला पोपटी, नवरीच्या चुड्यासारखा. "शादी का टँक है," चाचा म्हणाले.

लग्न अमरावतीला सकाळीच लागलं. जावई अकोल्याचा, प्राथमिक शाळेत मास्तर, अंगाने काडी, पांढरंशुभ्र पॅन्ट-शर्ट घातलेला. पोरगीही पांढऱ्या लुगड्यात. मॅट्रिक झालेली, बापासारखीच उंच. दोघं आत बसली, मागे चाचा आणि दोन पाहुणे, पुढे हवालदार आणि त्याच्या बाजूला मी. हँडल मारायला कोणीतरी हवंच होतं, आणि ट्रक माझा होता.

उन्हाळ्याचे दिवस. भातकुली येईपर्यंत आत भट्टी पेटली होती. पत्र्याच्या आतल्या अंगाला राहिलेलं डांबर वितळून टपटपायला लागलं. मास्तरच्या शर्टावर काळे ठिपके पडले. बिचारा अंग चोरून बसला, नवा जावई ना. त्यात त्या पट्ट्यात पाणी खारं आणि तेही उन्हाळ्यात आटलेलं. एका गावात गाडी हळू झाली तर घागरी घेऊन बायका धावत आल्या. टँकर समजल्या. चाचा मागून ओरडले, "बोला था मैंने!" हवालदारने गाडी थांबवली आणि आमच्या प्यायच्या पाण्याचा डबा त्यांना देऊन टाकला. मी संतापून म्हणालो, "आता इंजिन तापलं तं काय माह्यं रगत टाकाचं काय रेडिएटरमंदी?" तो म्हणाला, "लगनाची गाडी हाये मालक, कोनाले नाई म्हनाचं नाई."

वेस आली. अख्खा गाव वेशीवर जमला होता. त्यांना आधीच बातमी लागली असणार. पाटील ओट्यावर. पोरं भिंतीवर. काही हात पाठीमागे होते आणि त्या हातांत काय आहे हे मला फटीतूनही समजत होतं. खोटं कशाला बोलू, माझी तंतरली होती. हवालदारने गियर टाकला आणि गाडी सरळ वेशीत घातली. दोन्ही बाजूंना हातभर जागा सुटली होती, अगदी खडूच्या रेघेप्रमाणे.

आणि डोक्यावर धाडकन आवाज झाला. गाडी जागच्या जागी थांबली. बुरूज कमानीला अडकला होता.

मग सगळी वेस हसायला लागली. म्हातारे, पोरं, ओट्यावरचे, सगळे. ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "मांगून जाय ना हवालदार! मांगचा रस्ता मोठा हाये!"

हवालदार फटीतून वर बघत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो हळू आवाजात म्हणाला, "मालक, इथचा खालचा दगडन् दगड ठाव हाये मले. वर कधी पाह्यलंच नाई."

जन्मभर तो माणूस त्या वेशीतून मान खाली घालून गेला होता. वस्तीतल्या माणसांना तशी रीतच होती. डोळे मिटून जमीन सांगणाऱ्या माणसाला कमान किती उंच आहे हे माहीत नव्हतं. आणि मी, मोठा गॅरेजवाला, मलाही उंची विचारायचं सुचलं नाही.

त्याने गाडी मागे घेतली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाडी वेशीच्या बाहेर, उन्हात आली. तो स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला. नाल्याची वाट उजव्या हाताला दिसत होती. त्याचा हात गियरवर होता आणि गाडी तिकडे वळणार हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात मागचं दार करकरलं.

"आतच बसा!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. "माय, उतरू नोको! त्याइच्या हातात दगड हाये!"

पोरगी खाली उतरली होती. पांढऱ्या लुगड्याला डांबर लागलेलं, कपाळावर घाम. तिने नवऱ्याला हात दिला आणि तोही उतरला. मग ती पुढे येऊन बापाच्या फटीसमोर उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "किती दिवस डब्ब्यात बसाचं? चाला."

हवालदारने इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर किती शांत झालं होतं! तो उतरला, पोरीच्या आणि जावयाच्या पुढे जाऊन उभा राहिला, आणि चालायला लागला. त्यांच्या मागे मी, चाचा आणि पाहुणे. वेशीत गेलो तेव्हा हसणं थांबलं होतं. एक दगड आला. तो आमच्या मागे, रिकाम्या गाडीवर वाजला. जावई दचकला, मीही दचकलो. हवालदारने मागे पाहिलं नाही. दुसरा दगड आला नाही. का आला नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. लोकांना लाज वाटली असेल, की हसून हसून जोर गेला असेल, की त्या पोरीकडे पाहून हात उचलला गेला नसेल. गल्ली संपून वस्तीत पोचलो तेव्हा म्हातारीने खाटेवरूनच नात पाहिली, जावई पाहिला, त्याच्या शर्टावरचे डांबराचे ठिपके पदराने पुसायचा प्रयत्न केला आणि ते आणखी पसरवले.

हवालदार जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गॅरेजही राहिलं नाही. त्याची आठवण आली की मला तो बख्तरबंद गाडीत दिसत नाही. त्या गल्लीतून चालताना दिसतो.

मला वाटलं होतं तो ताठ, फौजी चालीने चालेल. तसं नाही. तो अगदी सावकाश चालत होता, टोपी काढून हातात घेतलेली, आणि मान वर. दोन्ही बाजूंची घरं तो अशी बघत होता, जसा काही परगावचा पाहुणाच आलेला. पाटलाच्या वाड्यापाशी तो थांबला. त्या पायऱ्या त्याला पाठ असणार. त्याने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पोरीचा हात धरून म्हणाला,

"पाह्य वं माय, याले वर माडी हाये."