पिवळी पावलं

हॉलच्या दाराशी माझं टेबल आहे. त्यावर रॅकेटला तार भरायचं यंत्र, तारांची रिळं, कात्री आणि मुठीला गुंडाळायच्या पट्ट्या. तीस वर्षं मी इथे बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करतोय. खेळाडूचा चेहरा मी विसरेन, पण त्याची मूठ विसरत नाही. पट्टी कुठे झिजली, घाम कुठे मुरला, यावरून माणूस घाबरट आहे की हट्टी, हे मी सांगतो. बढाई नाही मारत. दुसरं काही येत नाही म्हणून एवढं येतं.

ही गोष्ट आमच्या सरांची. उंच, काटकुळे, ताठ. पोरं पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणत. नाव अंगाला बरोबर बसायचं आणि स्वभावालाही, कारण सर सगळ्यांना एकाच मापाने मोजत. नोकरीला लागले त्या वर्षी एका रविवारी त्यांनी आपल्या बुटांच्या तळव्यांना पिवळा ऑइलपेंट फासला आणि लाकडी जमिनीवर पावलं उमटवली. मधल्या जागेवरून मागच्या कोपऱ्यात कसं जायचं, जाळीपाशी उजवा पाय कसा टाकायचा, परत कसं यायचं, सगळं त्या पावलांत होतं. पावलं सरांची, ढांगा सरांच्या. शिकायला येणारं पोर आठ वर्षांचं असो की अठरा, बुटकं असो की लठ्ठ, त्याने त्यावरूनच चालायचं.

मी यंत्राशी बसून बघायचो. एकाला सांगून कळायचं, एकाला दाखवून. एक पोरगं असं होतं, की त्याला पन्नासदा चुकू दिलं की एक्कावन्नाव्यांदा आपोआप जमायचं. पण सर तिसऱ्या चुकीलाच शिट्टी फुंकत आणि त्याच्या हातापायातलं बळच जाई. एक मुलगी शटलचं फूल अंगावर आलं की डोळे मिटायची. तिची भीती आधी घालवायला हवी होती. सर म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी," आणि तिला भिंतीशी उभं केलं. महिन्याभरात ती यायची बंद झाली. सर वाईट नव्हते हो. पहाटे सगळ्यांच्या आधी येत, पायाला लागलं तर स्वतः बर्फ धरून बसत. त्यांना ज्या रीतीने आलं त्याच रीतीने सगळ्यांना येईल, असं त्यांना मनापासून वाटायचं, एवढंच.

आणि त्यांची लेक डावखुरी निघाली.

पोरं तिला खार म्हणत. सहा वर्षांची असताना पहिल्यांदा आली आणि माझ्या टेबलावरची मोडकी रॅकेट डाव्या हातात घेऊन तिने एक फूल असं मारलं, की ते छताच्या दिव्याला लागलं. मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातली रॅकेट काढून उजव्या हातात दिली आणि म्हणाले, "पावलं बघ. पावलं उजव्याची आहेत ना?" बाकीचं सगळं त्यातूनच झालं. जमिनीवर रंगवलेलं बदलायचं नाही म्हणून पोर बदललं. डावी पावलं उमटवायला फार तर एक रविवार लागला असता.

पोर गुणी. बापाचा शब्द खाली पडू द्यायची नाही. दहा वर्षं उजव्या हाताने खेळली आणि बरी खेळली. पण बरी म्हणजे बरीच, त्याहून जास्त नाही. फूल वर गेलं की तिचा डावा खांदा आधी हलायचा, मग तिला आठवायचं, मग उजवा हात जायचा. एवढ्याशा उशिरात समोरचा गुण घेऊन जायचा. सर ओरडत, "आळशी! लक्ष कुठंय?" लक्ष तिथेच होतं बिचारीचं, दोन्हीकडे वाटलेलं.

पंधरा वर्षांची असताना एकदा सर नसताना ती टेबलापाशी आली. "काका, एक काम कराल? बाबांना सांगायचं नाही."

"आधी काम सांग."

तिने जुनी रॅकेट पुढे केली. "हिची पट्टी उलटी गुंडाळा."

डाव्या हाताने खेळणाऱ्याची पट्टी उलट्या बाजूने गुंडाळावी लागते, नाहीतर मुठीत सुटत जाते. मी एक शब्दही न विचारता गुंडाळून दिली. दुपारी हॉल रिकामा असायचा तेव्हा ती भिंतीवर खेळायची, पिवळ्या पावलांपासून लांब, पार कोपऱ्यात. काय खेळायची! त्या हाताला काही आठवावं लागत नव्हतं. मी यंत्र थांबवून बघत बसायचो. पण सरांना जाऊन सांगितलं नाही. म्हटलं, बापलेकीच्या मध्ये आपण कशाला? शहाणपणाच्या नावाखाली मूग गिळून बसलो.

मग निवड चाचणी आली. त्या दिवशी निवड झाली असती, तर तिला बाहेरच्या मोठ्या प्रशिक्षकांकडे जाता आलं असतं. तुटलेल्या तारा बदलायला मीही तिथे होतो. तिसऱ्या गेममध्ये ती सहा गुणांनी मागे पडली. तिने पिशवीतून दुसरी रॅकेट काढली आणि डाव्या हातात धरली. पाच गुण. लागोपाठ पाच. समोरच्या मुलीला फूल कुठून येतंय तेच उमजेना. निवड समितीतल्या एका बाई पुढे सरकून बसल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात सर ओरडले, "हात!"

एकच शब्द. पोरीने बापाकडे पाहिलं. रॅकेट उजव्या हातात घेतली. पुढच्या दहा मिनिटांत सगळं संपलं.

सरांनी नंतर ती रॅकेट उचलली, मुठीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "कुणी गुंडाळली?"

"मला काय माहीत, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याच टेबलावरचं ब्लेड घेऊन पट्टी कापून काढली. दुसऱ्या दिवशी लेक आली, दोन्ही रॅकेटी ठेवल्या आणि म्हणाली, "तारा काढून ठेवा काका. उगाच ताणलेल्या कशाला राहू द्यायच्या?" त्यानंतर बारा वर्षं तिने हॉलचा उंबरा ओलांडला नाही. एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, त्यावर उजव्या हाताने बारीक, सुबक अक्षर काढते. बापाशी बोलते, पण कामापुरतं: गोळ्या घेतल्या का, छत्री नेली का.

गेल्या वर्षी सगळ्या प्रशिक्षकांना तीन दिवसांचा वर्ग सक्तीचा झाला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले सर कुरकुरत गेले. तिसऱ्या दिवशी परतले ते घरी न जाता थेट माझ्या स्टुलावर येऊन बसले. शिकवायला एक तरुण मुलगी होती म्हणे, लेकीच्याच वयाची. तिने फळ्यावर काही लिहिलंच नाही, फक्त विचारलं, "नवीन मूल आलं की तुम्ही आधी काय बघता?" सर म्हणाले, "पाय." ती म्हणाली, "आणि मूल कधी बघता?"

मग ती बोलत गेली. कुणाची उंची किती, ढांग किती, कोण भितं, कोण लवकर कंटाळतं, कुणाला चुकायला वेळ लागतो, कुणाचा हात कुठला. माप न घेता कपडा शिवला तर दोष अंगाचा नसतो, असं म्हणाली. डावखुऱ्यांचं निघालं तेव्हा सांगितलं, की या खेळात तो हात म्हणजे जमेची बाजू.

"मी हात वर केला," सर म्हणाले. "विचारलं, लहानपणी हात बदलला असेल तर? ती म्हणाली, तसं आता कोण करतं, सर? वर्ग हसला. मीही हसलो."

हे सांगताना ते रडत होते. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सर गुडघे टेकून जमीन घासायला लागले. रॉकेल, पत्र्याची पट्टी, मग पॉलिशपेपर. मी म्हटलं, "माणूस लावा की." ऐकलं नाहीत. चौथ्या दिवशी एकही पाऊल उरलं नाही. मग ते टेबलाशी आले, नवी रॅकेट ठेवली आणि म्हणाले, "पट्टी गुंडाळा. तेव्हा गुंडाळली होती तशी."

म्हणजे त्यांना बारा वर्षं माहीत होतं. ते म्हणाले, "तुम्ही बघितलंत आणि गप्प बसलात. मी तर बघितलंच नाही. आता गुंडाळा."

लेक रविवारी सकाळी आली. आईने हात जोडले म्हणून आली असावी. अंगावर लॅबला जायचे कपडे, पायात साधे बूट. सर जाळीपलीकडे उभे, काखेत फुलांचा डबा. एवढंच म्हणाले, "एकदा डाव्या हाताने खेळ. मी काही बोलणार नाही." त्या माणसाला त्या क्षणी जगात फक्त एवढंच हवं होतं, की तो हात अजून जिवंत असावा.

पहिलं फूल तिच्या रॅकेटखालून गेलं. दुसरं कडेला लागून जाळीत. तिसरं, चौथं, दहावं. ती मनापासून प्रयत्न करत होती, ओठ दाताखाली धरून. हात फुलापर्यंत पोचायचा, पण तिथे काय करायचं ते त्याला आठवायचं नाही. आता तो हात आठवत होता आणि उशीर करत होता. सर सोप्यात सोपं फूल देत होते, पहिल्या दिवशी आलेल्या पोराला देतात तसं. विसाव्यालाही तिची रॅकेट हवेतच फिरली.

पुढचं फूल सरांच्या हातून चुकून उंच गेलं, पार मागच्या कोपऱ्यात. तिने विचार केला नाही. रॅकेट आपोआप उजव्या हातात गेली आणि पाय धावले. मी ती पावलं तीस वर्षं पाहिली आहेत, जमीन कोरी असली तरी कुठलं कुठे होतं ते मला ठाऊक आहे. एक, दोन, उजवा पाय मागे, फटका, परत मध्ये. तिचा एकही पाय जागा चुकला नाही. ढांगही सरांचीच, तिच्या पायांना न पेलणारी.

सर जमिनीकडे बघत उभे राहिले. तिनेही खाली पाहिलं. घासलेल्या लाकडाचे फिके पट्टे दिसत होते आणि त्यातल्याच एकावर ती उभी होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही फक्त जमिनीवरचीच पुसलीत."

सरांनी तोंड उघडलं, पण बोलणार नाही असं म्हणाले होते, ते पाळलं. तिने घड्याळ बघितलं, कामाला उशीर होतोय म्हणाली. जाताना रॅकेट माझ्या टेबलावर ठेवली. "तारा काढून ठेवा, काका."

ती गेल्यावर मी मूठ हातात घेऊन पाहिली. पट्टीवर कुठेच काही उमटलं नव्हतं. दुकानातून आणली तशीच कोरी होती. आत सर एकेक फूल उचलून डब्यात भरत होते.