बिडाची चकती

पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून मी मेण वितळवतो तेव्हा त्याचा कोमट, किंचित गोडसर वास वर्कशॉपभर पसरतो आणि मला शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री आठवतात. उद्यमनगरात एरवी लोखंड, ऑइल आणि भट्टीची काजळी यांचाच वास. मेणाचा वास फक्त त्यांच्याकडून यायचा. दिवसभर ते जळालेल्या विजेच्या मोटारी नव्या तारेने भरत आणि चार वाजून गेले की कोपऱ्यातल्या एका छोट्या यंत्रावरचं कापड बाजूला करून इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप करायला बसत. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी बोटभर लांबीची डबी. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांची थरथर ती पकडते आणि स्पीकरकडे धाडते. वेढे पुरे झाले की डबी मेणात बुडवायची, म्हणजे आतली तार हलत नाही. गणपतीत आणि लग्नांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना परदेशी पिकअप कुठून मिळणार? ते मिस्त्रींकडे येत. गंमत अशी, की मिस्त्रींना सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते तसं बिनदिक्कत सांगत.

मिस्त्री गेले, गाळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "न्या की भावजी. भंगारात घालाय माझं मन हुईना." मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मला त्या यंत्राचा काही उपयोग नव्हता, तरी आणलं आणि बाकाखाली सरकवून विसरलो. विसरलेलंच राहिलं असतं, पण गेल्या दिवाळीनंतर शाहूपुरीतले एक मास्तर आले. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून आता थकून घरी बसलेले. मिस्त्रींनी भरलेला त्यांचा पिकअप मुका झाला होता, आतली तार तुटली होती. मी म्हणालो, नवा बसवा. ते म्हणाले, "नवे लई मिळत्यात. मला त्योच आवाज पायजे. बोटं आखडाय लागल्यात माझी. चालत्यात तवर एकदा ऐकू द्या."

मग मी यंत्र बाहेर काढलं. वाळलेलं ग्रीस गुळासारखं कडक झालं होतं, ते रॉकेलने सोडवण्यात पहिले दिवस गेले. गंज पॉलिश पेपरने घासला. बेअरिंगं बदलली. सडलेल्या पट्ट्याच्या जागी चपला करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून चामड्याचा नवा पट्टा कापून घेतला. वेढे मोजणारा आकडा फिरायला लागला तेव्हा मला उगीचच मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. या यंत्रात विड्याच्या पानाच्या आकाराची एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चकती असते. ती फिरते आणि तारेला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत राहते. ती चकती एका जागी चांगलीच झिजली होती. तिथे आली की तार हिसका खायची. झीज दिसली की आम्हा उद्यमनगरवाल्यांच्या हाताला खाज सुटते. झिजलेला भाग मशीनवर ठेवणं ही आमच्यात लाजेची गोष्ट. मी नवी चकती केली, डायल गेज लावून फिरवून तपासली, सुई कुठेही अडखळली नाही. जुनी भंगाराच्या पेटीत टाकली. आमच्या पेटीतलं बीड दर शनिवारी वितळवून ओतायला फाउंड्रीत जातं.

पिकअपवरची जुनी तार कापून काढताना वेढे एका अंगाला सैल आणि विस्कटलेले दिसले. मिस्त्रींच्या हातून असं काम झालेलं पाहून मी मनातल्या मनात नाराजही झालो. मी भरलेले वेढे मात्र एकापाशी एक, शिस्तीत बसले.

मास्तरांनी इथेच, लेथशेजारच्या स्टुलावर बसून गिटार वाजवली. मला तर आवाज छान वाटला. त्यांनी दोनदा तीच धून वाजवली, मग तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या. "चांगलं वाजतंय की," ते म्हणाले. "पर ह्यो मिस्त्रींचा न्हाय."

ते सैल वेढे तेव्हा मला कळले. मिस्त्रींचा म्हणून जो आवाज गावभर वाजला, तो झिजलेल्या चकतीच्या त्या हिसक्यातून निघत होता. स्कूटर काढून मी फाउंड्रीत गेलो. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "आवो, त्यो माल कवाच वतला." म्हणजे चकतीचं एव्हाना एखाद्या पंपाचं कवच झालं असणार. परत येऊन मी नव्या चकतीला कानस लावली, अंदाजाने झीज पाडली. तार हिसका खाऊ लागली, पण वेढे नुसतेच वेडेवाकडे पडले. चार वेळा भरून पाहिलं. चारही वेळा मास्तर आले, त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. चौथ्या वेळी त्यांची करंगळी तारेवर टेकेना.

तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी यंत्रावरच्या नव्या चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मिस्त्रीबी दर दिवाळीला म्हणायचं, औंदा ही चकती बदलायची हाय. जमलंच न्हाय त्यास्नी कधी."

ते गिटार खांद्याला लावून निघून गेले. हातातलं काम कधी मागे ठेवलं नाही, याचा मला आजवर अभिमान होता. हे एकच काम माझ्याही हातून राहून जायला हवं होतं.