‘बंद’च्या स्टँडमधलं माझं रक्त

“पाळी चालू की बंद?” रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं. शेजारच्या खुर्चीत सासूबाई. मी म्हटलं, “बंद. दोन वर्षं झाली.”

धडधडीत खोटं. एक्कावन्नाव्या वर्षीही माझी पाळी इमानेइतबारे येत होती. पण कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आली, वायफाय आलं, चार दिवसांची वेगळी चटई काही गेली नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन गौरींत कावळा शिवला, तशी मी वैतागून जाहीर करून टाकलं, संपलं एकदाचं! गौरी मीच बसवल्या. म्हटलं, कुणाला कळतंय?

आता स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. पाळी चालू असलेल्या आणि थांबलेल्या बायकांच्या रक्तात एन्झाइम कसं काम करतं, ते ती मुलगी संशोधनासाठी तपासत होती. टेबलावर दोन स्टँड. माझी ट्यूब तिनं ‘बंद’च्या स्टँडमध्ये ठेवली. बाकीच्यांचं रक्त खाली बसून गडद झालेलं, माझं तेवढं लालभडक. वाटलं, आता त्या सगळ्याजणी माझ्या रक्ताला विचारणार, तू गं इथे कशी?

डॉक्टरांनी गोळी दिली तीही ‘बंद’ ऐकूनच. म्हणाले, “पाळी थांबल्यावरही अंगातलं एक एन्झाइम हार्मोन बनवत राहतं. ही गोळी त्याला अडवते. पाळी चालू असती तर नुसती ही गोळी दिली नसती. अंडाशय उलट जोर धरतात, आणि तुमचा आजार त्या हार्मोनवरच पोसतो.” मी ऐकलं, सासूबाईंनीही ऐकलं. मी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली आणि गोळ्या सुरू केल्या. मरणापेक्षा लाज मोठी वाटली मला, काय म्हणावं या कर्माला!

पुढच्याच महिन्यात पाळी आली, नेहमीपेक्षा जास्त. भर दुपारी घरात आम्ही दोघीच. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले की बाहेर पावलं यायची, दाराशी थांबायची. दार उघडावं तर कुणी नाही. कागदात गुंडाळून बादलीमागे लपवलेलं मी टाकायला जाण्याआधीच नाहीसं झालेलं असायचं. आणि सासूबाई कॉटवर डोळे मिटून बसलेल्या, दुसऱ्यांदा न्हाऊन, केसांतून पाणी ठिबकत. मला घरात त्यांची भीती वाटायला लागली.

पुढच्या तपासणीला मला राहवेना. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगून टाकलं, “मी खोटं बोलले. चालू आहे.” डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे थांबवली आणि पुन्हा रक्त तपासायला लिहून दिलं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मग आई, गोळी दिली त्या दिवशी बोलला का नाहीत? मी मेले असते हो!”

त्यांनी पदर सावरला. “दोन वर्षं गौरी तुझ्या हातचं जेवल्या. त्यांना काय सांगणार होते मी?”