खुर्च्यांची यादी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे फॉर्म भरणं, कोणाचा दाखला, कोणाचं रेशनकार्ड. स्वतःविषयी पानंच्या पानं लिहायची, आणि लोकांनी ती वाचावीत अशी अपेक्षा करायची, हे मला अजून जड जातं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तोंडाने सांगायला जमली नाही, म्हणून लिहितो.

२०१६ साली मी डहाणूला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर तलासरीकडच्या पाड्यावर, म्हणून कोसबाडच्या बाजूला आत्याकडे राहायचो. आत्या डहाणूतल्याच मसोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होती. झाडायचं, पाणी भरायचं, चहा करायचा. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. तिनेच माझ्यासाठी शेठकडे शब्द टाकला. सकाळचं कॉलेज सुटलं की मी तिथे पावत्या लिहायला जाऊ लागलो.

त्या वर्षी शेठनी ऑफिस तलासरीला न्यायचं ठरवलं. ट्रक सगळे हायवेने जाणारे आणि कागदपत्रं आमच्याकडे डहाणूत, याला ते वैतागले होते. हायवेला लागून, दुकानांच्या वर त्यांनी जागा घेतली. शेठ घरी गुजराती बोलत, आमच्याशी मराठी. मला बोलावून म्हणाले, "तू कॉमर्सवाला ना? मग प्लान तू बनव. कोण कुठे बसणार, काय काय न्यायचं, बधू, सगळं लिही. काही सोडू नको."

मला किती आनंद झाला ते आज लिहायलाही लाज वाटते. आमच्या पुस्तकात ऑफिसच्या मांडणीवर एक धडा होता. पुस्तकातलं काही खरोखर कोणाच्या कामाला येतंय, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मॅनेजर साहेबांना विचारलं, माणसांची यादी कशी करू? ते फोनवर होते. हात फोनवर ठेवून म्हणाले, "खुर्च्या मोज रे. खुर्ची मोजली की माणूस मोजला. त्यावरच गाडीच्या सीट ठरतील." डहाणूहून माणसं न्यायला-आणायला एक इको गाडी ठरणार होती. अकराला निघायची, म्हणजे मलाही कॉलेज करून जाता आलं असतं.

मी खुर्च्या मोजल्या. पाच भरल्या. मी स्टुलावर बसायचो, ते स्टूल धरून सहा. प्रत्येकापुढे नाव लिहिलं. मग सामान लिहिलं. कपाटं, टेबलं, पंखे, पाण्याचं पिंप, स्टोव्ह, कपांचा ट्रे, झाडू दोन.

आत्या खुर्चीवर बसत नसे. पिंपाशेजारी पोत्याची घडी घालून बसायची. तिला कोणी मनाई केली होती असं नाही. आमच्या पाड्यावर खुर्ची पाहुण्यासाठी असते, आणि तीसुद्धा शेजारून आणायची. ती जमिनीवर बसते यात मला काही वेगळं दिसलंच नाही. ऑफिसात ती दिसायची तेवढं नीट मला दुसरं कोणी दिसत नव्हतं, आणि यादीतून नेमकी तीच सुटली.

त्याच संध्याकाळी ओटीवर मी आलेखाच्या कागदावर नव्या जागेचा नकाशा काढत बसलो होतो. आत्या तांदूळ निवडत होती.

"हे काय, शेत मोजतोस?"

"तलासरीचं ऑफिस आहे, आत्या."

"एवढंसं? शेठ मावतील का यात?" मग सूप बाजूला ठेवून जवळ आली. "पाण्याचं पिंप कुठे ठेवलंस?"

मी कोपरा दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मी इथे. दार जवळ आहे, वारा येईल."

"हो," मी म्हणालो.

ती खूश होती. तलासरी तिचं माहेर. विवळवेढ्यावरून गाडी जाईल तेव्हा रोज बसल्या जागेवरून महालक्ष्मीला हात जोडता येतील, असं ती शेजारणींना सांगत होती. माझ्या बाबांना तिने निरोपही धाडला होता, की आता दर आठवड्याला येऊन तुझं डोकं खाईन.

दुसऱ्या दिवशी मी यादी आणि नकाशा साहेबांकडे दिला. शेठनी नकाशा भिंतीवर लावायला सांगितला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत, "आमच्या माणसाने बनवलाय."

सामान हलवायच्या दिवशी आत्या आली नाही. अंग दुखतंय म्हणाली. सोमवारी नवं ऑफिस सुरू झालं, तेव्हाही ती निघाली नाही. इकोचा ड्रायव्हर मला पाहून म्हणाला, "या, कॉलेज. तुमच्यासाठी शेवटची सीट पुसून ठेवलीय." गाडी भरली. मी पुढे वाकून साहेबांना विचारलं, "मावशी कधीपासून येणार?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतोय. "त्या यादीत कुठे आहेत? तिथे झाडायला बिल्डिंगचा माणूस आहे. चहा खालून येतो. आणि गाडीत सहाच बसतात."

फाइल माझ्या मांडीवर होती. उघडून पाहिलं. झाडू होता, स्टोव्ह होता, ती नव्हती. सहावी सीट माझी होती. चूक माझी आहे, हे त्या गाडीत एकदा म्हटलं असतं तर पुरलं असतं. उतरून जागा दिली असती तरी चाललं असतं. मी फाइल बंद केली. तलासरीपर्यंत कोणाचं काही अडलं नाही. इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पिणाऱ्या पाच माणसांपैकी एकानेही ती कुठे आहे असं विचारलं नाही. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. पण विसरणारा पहिला मी होतो.

संध्याकाळी आत्याला सांगितलं, "शेठनी तुला काढलं. मी पुष्कळ बोललो, त्यांनी ऐकलं नाही."

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "असू दे. तू त्यांच्याशी भांडू नको. तुझं शिक्षण बघ."

पुढे ती चिकूच्या वाडीत जाऊ लागली. दिवसभर वाकून चिकू निवडायचे, पेट्या भरायच्या. चार महिन्यांत तिची कंबर धरली. मी पदवी मिळेपर्यंत त्या सहाव्या सीटवर बसून तलासरीला जात राहिलो आणि तिच्या घरी जेवत राहिलो. शेठचा विषय निघाला की मी त्यांना नावं ठेवायचो. ती ऐकून घ्यायची, वर भाजी वाढायची. मला वाटायचं, तिला तेवढाच धीर मिळतो.

२०१९ मध्ये एका दाखल्यासाठी तलासरीला गेलो होतो. एस.टी. स्टँडबाहेर तो इकोचा ड्रायव्हर भेटला. आता रिक्षा चालवत होता. चहा पाजला, म्हणाला, "मावशी बरी आहे ना? भली बाई. तेव्हा तिच्या जागी मी असतो तर तुला घराबाहेर काढला असता."

"का?"

"का म्हणजे? साहेबांनी तुझी यादी तिला दाखवली होती की. गाडीचं ठरवायला मी तिथेच बसलो होतो. साहेब म्हणाले, मावशी, भाच्याने तुमचं नाव घातलेलं नाही. चुकून राहिलं असेल तर सांगा, शेठना बोलून बघतो."

त्याने कप खाली ठेवला.

"ती म्हणाली, तो शिकलेला आहे, विचार करूनच लिहिलं असेल. मला यादी दाखवलीत असं त्याला सांगू नका."