दोन डिस्कना एकच नाव

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. एवढंसं दुकान, गल्ल्यावर मी. आजूबाजूचे त्यांना ‘लेबलवाले’ म्हणतात, कारण डिस्कच्या प्रत्येक भागाला नाव दिल्याशिवाय ते ती हातावेगळी करत नाहीत. मशीनच्या नंबरावर जाऊ नकोस, हे मला शंभरदा ऐकवलेलं. चालू होताना मशीनला जी डिस्क आधी सापडते, तिला ते पहिला नंबर देतं. वायर इकडची तिकडे झाली की नंबरही बदलतो. लेबल मात्र डिस्कवरच लिहिलेलं असतं, ती जाईल तिथे जातं. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

ताई आजारी पडण्याआधी त्यांनी घरच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली. हुबेहूब म्हणजे लेबलसुद्धा तेच, ‘घर’. दोन्हींना एकच नाव कशाला, असं ताईनं विचारलंही होतं. ते हसले. प्रत कपाटात पडून राहणार, तिला कोण विचारतंय, म्हणाले. जगाला लेबलं लावणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी आळस केला, याचा मला अजून राग येतो.

पुढे शेवटच्या चार महिन्यांत ताईनं मूळ डिस्कवर लेकीसाठी आपल्या आवाजात बोलून ठेवलं. रोज दुपारी, दार लावून. पोरगी अठराची झाली की तिनंच पहिल्यांदा ऐकायचं, तोवर कुणीही नाही, असं तिनं भावोजींकडून कबूल करून घेतलं.

ताई गेली आणि भावोजींनी धास्ती घेतली. आवाज एकाच डिस्कवर, ती बंद पडली तर? जुनी प्रत पुसून नवी काढायला ते एका सकाळी दुकानात बसले. दोन्ही डिस्क जोडल्या. पडद्यावर दोनदा ‘घर’. लेबलावरून काही कळेना, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा नंबरावर गेले: पहिली ती मूळ, दुसरी ती प्रत. आत उघडून बघायला हवं होतं, पण तीन आठवडे त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आदल्या दिवशी त्यांनीच वायर बदलली होती, आणि मशीनला आधी प्रत सापडली. मूळ डिस्क पुसली गेली, वर जुनं सगळं चढलं. त्यांनी जंग जंग पछाडलं. काही तुकडे निघाले, त्यातला एकही वाजला नाही.

दोन वर्षं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. मीही नाही. परवा तिला अठरा पूर्ण झाली, तशी ती दुकानात येऊन समोर बसली. भावोजींनी वायरीपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

तिनं एवढंच विचारलं, “बाबा, तुम्ही एकदाही ऐकलं नव्हतं?”

“तुझ्यासाठी होतं ते. तुझ्या आईला शब्द दिला होता.”

तिनं टेबलावरची ती मूळ डिस्क हातात घेतली.

“शब्द मोडायचा होता, बाबा,” ती म्हणाली.