आंबा सुटला की ओरडायचं

आमच्या नाक्यावरच्या सलूनमध्ये आरशाच्या वर एक फोटो होता. निळा बनियन घातलेला तरुण, गळ्यात पदक, आणि पंचाने त्याचा उजवा हात धरून वर केलेला. अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत आलो तेव्हा केस कापून घेताना तोच बघत बसायचो. न्हावी सांगायचा, "हा आमच्या वाडीतला. मुंबईत मामाकडे राहून बॉक्सिंग शिकला, राज्याचा चॅम्पियन झाला, खेळावर नोकरी लागली. मग साहेबावरच हात उचललान." नोकरी गेली, बायको माहेरी गेली, आणि चॅम्पियन परत आला. दुपारनंतर तो शुद्धीत सापडत नाही, असं लोक हसत सांगायचे.

मी सांगोल्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, आणि एका ट्रकवाल्याबरोबर घाट उतरून आलो. इथल्या एका बागायतदारांनी मला ठेवून घेतलं. त्यांना मी काका म्हणायचो, त्यांच्या पत्नीला काकू. गोठ्याशेजारची खोली माझी झाली. मला भात पुरत नाही हे काकूंच्या लक्षात आलं, तेव्हा त्या माझ्यापुरत्या भाकऱ्या थापायला लागल्या, तांदळाच्या का होईनात. एवढं कोण कुणासाठी करतं? पण मला धास्ती सुटायची नाही. काकांनी नुसता घसा खाकरला तरी वाटायचं, आता जा म्हणतात. खुंटीवरची माझी पिशवी मी कधी पूर्ण रिकामी केली नाही.

दोन हंगाम मी पाणी घातलं, वानरं हाकलली. तिसऱ्या हंगामात काकांनी मला पेट्या भरायला बसवलं. हे मोठं काम. खाली पेंढा, त्यावर एका मापाचे आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि फळीवर काकांच्या नावाचा शिक्का. पेटी मुंबईला दलालाकडे उघडते. आत जे निघेल ती काकांची अब्रू.

आमच्या बागेत एक रीत होती. झाडावरचा गडी झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी आणि पातं लावलेल्या काठीने, आंबा देठासकट काढतो. कधी फळ जाळीत न येता खाली जातं. अशा वेळी वरून मोठ्याने ओरडायचं, "सुटला रे!" तो आंबा वेगळ्या टोपलीत जायचा, काकूंच्या लोणच्याला. खाली पाचोळा असतो, कच्च्या आंब्यावर ओरखडासुद्धा दिसत नाही. पण मार आत बसलेला असतो. चार-आठ दिवसांनी पेंढ्यात तो काळा पडतो आणि शेजारचे चांगले आंबेही नासवतो. तो कुठला, हे वरच्या गड्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून काकांचा नियम होता की सुटला म्हणणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. हसायचंही नाही.

पेट्या भरताना हात चालतात, डोकं रिकामं असतं. त्या रिकाम्या डोक्यात मी चॅम्पियनला नोकऱ्या लावत बसायचो. कधी त्याला मासेमारीच्या मचव्यावर खलाशांचा तांडेल करायचो, कधी शाळेत पोरांना कसरत शिकवायला लावायचो. शेवटी मन यायचं ते झाडावरच. फोटोतले ते पाय मी इतके बघितले होते! असा माणूस फांदीवर किती हलका उभा राहील. दोन हंगाम गडी, मग मुकादम, मग स्वतः बागा घेईल, बायको परत येईल. त्याच्या नव्या घराला चिऱ्याचा चौथरासुद्धा मी बांधून टाकला होता. मलाच कुणीतरी उचलून ठेवलं होतं. वाटायचं, आपणही एकाला उचलून ठेवावं.

एके सकाळी सलूनबाहेर मी त्याला गाठलं.

"दादा, आमच्या बागेत गडी हवेत."

"तू कोण?"

"काकांकडे पेट्या भरतो."

"म्हणजे तो घाटी तूच काय?" तो हसला. "आणि मी काय माकड हाय रे, झाडावर चढायला?"

"माकडांना झेला धरता येत नाही."

हे माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. मी दोन पावलं मागे सरकलो. तो मोठ्याने हसला. "मारलंस की मेल्या! येतो उद्या."

काका मात्र तयार नव्हते. "तो? अरे, त्याचा हात कधी कुणावर उठेल नेम नाही."

"माझी जबाबदारी, काका."

"तुझी?" काकांनी चष्मा काढला. "बघ हो. बोलून बसलायस."

तो आला, आणि मी मनात रंगवला होता तसाच चढला. पावलं फांदीवर अशी पडायची की पान हलायचं नाही. बाकीचे गडी काम थांबवून बघायचे. सकाळी तो चोख असायचा. दुपारी भाकरी खाताना मला हाक मारायचा, "ए घाटावरच्या, गार्ड वर घे!" आणि माझ्या बरगडीशी मूठ आणून थांबवायचा. लागायची कधीच नाही. काकू मला म्हणाल्या, "तू पुण्य केलंस हो." मी त्या दिवशी गोठा दोनदा झाडला.

एक गोष्ट तेवढी मला खटकायला हवी होती. बाकीच्यांच्या झाडांवरून दिवसातून कधीतरी "सुटला रे!" ऐकू यायचं. त्याच्या झाडावरून कधीच नाही. आणि मला काय वाटलं? तर अभिमान.

मग मुंबईहून दलालाचा फोन आला. काकांच्या शिक्क्याच्या पेट्यांत काळे आंबे निघाले होते, एका पेटीत नाही, बऱ्याच पेट्यांत. काकांनी आम्हां सगळ्यांना घरापुढच्या खळ्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "कुणाचे आंबे सुटले?"

मी चॅम्पियनकडे बघितलं. मला खात्री होती की तो आत्ता सांगेल. नियमच होता, कुणी काही बोलणार नव्हतं.

तो म्हणाला, "पेट्या हा भरतो. आमच्या तोंडाकडे काय बघताय? ह्याला विचारा."

"दादा..." मी म्हणालो.

"दादा काय? पेंढा ओला घातला असशील. घाटावर कुठे बघितलास आंबा तू?"

एकजण हसला. नंतर आणखी दोघं हसले. त्या सगळ्यांना माहीत होतं की मी पेंढा उन्हात घालून, हाताने चुरून बघितल्याशिवाय घेत नाही. तरी हसले. वाडीतला माणूस होता तो, आणि मी वाडीतला नव्हतो.

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "देवीसमोर नारळावर हात ठेवून सांगशील?" त्यांनी त्याला विचारलं.

"सांगतो की."

आमच्या भागात हे शेवटचं. ग्रामदेवीसमोर नारळावर हात ठेवून माणूस जे बोलतो त्यावर पुन्हा चर्चा होत नाही. सगळे देवळात गेलो. मी पायरीशी उभा राहिलो. त्याने हात ठेवला, तोच हात, फोटोतला. "माझा एकपण आंबा सुटलेला नाय," तो म्हणाला. जीभसुद्धा अडखळली नाही.

मी पुढे झालो. "काका, मीपण ठेवतो हात."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं दैवत तिकडचं रे. तुझा हात इथे कसा चालेल?"

ते रागाने बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. तीन हंगाम मी त्या देवीच्या पालखीपुढचा रस्ता झाडला होता.

दुसऱ्या दिवसापासून पेट्या काका स्वतः भरायला बसले. मला वानरं हाकलायला पाठवलं. काकूंनी भाकरी थापायचं थांबवलं नाही, पण वाढताना बोलणं थांबवलं. मी पिशवीत कपडे भरले आणि तिचं तोंड बांधून ठेवलं. जा म्हणाले की निघायचं.

जा कुणी म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. काकांनी स्वतःच्या हातांनी भरलेल्या पेट्यांतही काळे आंबे निघाले होते. त्या दिवशी चॅम्पियन कामावर आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. सकाळी काकांनी एक रिकामी पेटी आणि पेंढ्याचा भारा माझ्यापुढे आणून ठेवला. "भर," म्हणाले.

मी थांबलो. वाटलं, अजून काहीतरी म्हणतील.

"भर रे. ट्रक यायचा आहे."

एवढंच. नारळावर हात ठेवून तो बोललेला. त्याला खोटा म्हणायचं तर देवळातलं बोलणं खोटं पडतं, आणि ते कुणाला चालणार? म्हणून मी खरा होतो हेही कुणी कधी मोठ्याने म्हटलं नाही. काम परत मिळालं, भाकरीबरोबर काकूंचं बोलणंही परत आलं. पाय धरावेत अशी ती माणसं. आजही धरतो. आणि धरताना दर वेळी ती देवळाची पायरी आठवते.

दोन-तीन वर्षांनी एसटी स्टँडजवळ तो दिसला. एका हॉटेलच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता, रखवालदाराच्या निळ्या शर्टात. अंग सुटलेलं. मी मान वळवली, पण त्यानेच हाक मारली.

"काय रे घाटावरच्या! ठेवलंन ना तुला काकांनी?"

"ठेवलं."

"पेट्याच भरतोस?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि मूठ माझ्या बरगडीशी आणून थांबवली.

किती दिवस मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं! एसटी लागली, मी चढलो. खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा त्याला नोकरी लावत बसलोय. स्वतःचाच संताप आला, पण थांबवता येईना. मुकादमकी नाही, बाग नाही, चिऱ्याचं घर नाही. तो नुसता झाडावर होता. जाळी हुकली, आंबा पाचोळ्यात पडला, आणि मी खाली वर तोंड करून उभा होतो, तो ओरडेल म्हणून.