घरचे शेवटी

आमच्या कराटेच्या वर्गात घरच्यांची परीक्षा शेवटी होते. बाहेरची सगळी मुलं आटोपली, पालकांचा चहा झाला, की मग आमची पाळी. त्यात गुणांचाही वेगळा न्याय. परीक्षक दोन असतात. बाहेरच्या मुलाला दोघांच्या गुणांची सरासरी मिळते आणि घरच्याला, दोघांपैकी ज्याने कमी दिले असतील तेवढेच. हा नियम माझ्या वडिलांनी केला. त्यांना तो अजूनही फार न्यायाचा वाटतो. मला त्याचा इतक्या वर्षांनीही संताप येतो, आणि हल्ली तर त्या संतापाला कुठे ठेवावं तेच कळत नाही.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तरुणपणी दोन वर्षं मुंबईला काढली तेव्हा ते कराटे शिकले. रत्नागिरीला परत आल्यावर एका शाळेच्या व्हरांड्यात सहा मुलं घेऊन त्यांनी वर्ग सुरू केला. पुढे घराच्या वर पत्रे घालून हॉल केला, बाहेरून जांभ्या दगडाचा जिना काढला, आणि आता त्या जिन्यावर रोज संध्याकाळी सत्तरेक जोडी चपला पडलेल्या असतात. आई मुलांचे पांढरे ड्रेस शिवते, कुणाचा पाय मुरगळला तर बर्फ लावते, आणि कोण कुणाच्या घरातलं, कुणाचा बाप कुठल्या जहाजावर, हे तिला तोंडपाठ असतं. मी पाचव्या वर्षापासून त्या मॅटवर आहे. आता वडील खुर्चीवर बसून बघतात आणि शिकवते मी.

वर्ग चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. कोर्टातल्या साहेबांची मुलगी आणि मिरकरवाड्याच्या बंदरातल्या, मच्छीमार बोटीवरच्या तांडेलाची मुलगी आमच्याकडे एकमेकींना हात देऊन उठवतात. एक पोर पहिले चार महिने आईची ओढणी सोडत नव्हती, ती आज छोट्यांच्या बॅचचा घाम काढते. एका बाईने लेकीला सोडायला येता येता स्वतःच ड्रेस शिवून घेतला आणि चाळिशीत पिवळा पट्टा बांधला. हे सगळं वडिलांनी उभं केलं. त्यांच्यावर नुसता राग धरता आला असता तर किती सोपं झालं असतं!

मी सोळा वर्षांची असताना पहिल्यांदा काळ्या पट्ट्याला बसले. शेवटी, अर्थातच. सकाळी आठला ड्रेस घालून उभी होते आणि माझं नाव घेतलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पत्रा तापलेला. मी काता केला. काता म्हणजे हात-पाय, वळणं, मारा-बचाव यांचा ठरलेला क्रम, एकट्याने करायचा. माझा तो काता त्या हॉलमध्ये कुणालाच माझ्याइतका येत नव्हता, वडिलांनाही माहीत होतं. त्यांनी नापास केलं. कारण सांगितलं, पाठचा पाय हलला. पाय हलला नव्हता. सहा महिन्यांनी परत बसले, परत नापास, आणि त्या वेळी कारणसुद्धा दिलं नाही. त्याच दिवशी जी मुलगी पास झाली तिला काता मी शिकवला होता. पुढच्या महिन्यात ती राज्य स्पर्धेला गेली, कारण काळा पट्टा असल्याशिवाय घेत नव्हते. मी तिला स्टँडवर सोडायला गेले, तिची बॅग वर चढवून दिली आणि घरी येऊन बाथरूमचं दार लावून बसले.

तिसऱ्या वेळी पट्टा मिळाला. तोवर त्या स्पर्धेचं वय उलटून गेलं होतं. जेवताना वडील आईला म्हणाले, "आता कोण काय बोलणार नाय. घरची म्हणून दिला, असा बोलायला जागाच ठेवली नाय मी." त्यांना वाटत होतं, त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. मी ताट सरकवलं आणि उठले. मनाशी म्हटलं, मला मुलगी झाली तर तिच्या वाटेला हे येऊ देणार नाही, मग वर्ग बंद पडला तरी चालेल.

मला मुलगी झाली. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि गेल्या जानेवारीत काळ्या पट्ट्याला बसली.

नियम तेव्हाच मोडायला हवा होता. मी वडिलांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "वायच धीर धर गो, पोरगी तयार हाय. नियमाला कशाला हात लावतेस?" मीही धरला धीर. कारण पोरगी खरंच तयार होती. रोज पहाटे उठून जिन्यावर पायांचा व्यायाम करायची. तिच्या मानेत, खांद्यांत कुठे ताठरपणा नाही, आणि थांबायचं तिथे अशी थांबते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आई म्हणून नाही, पंचवीस वर्षं मुलं बघितलेली बाई म्हणून सांगते.

परीक्षक वडील आणि मी. तिची पाळी आली तेव्हा दोन वाजत आले होते. भिंतीशी पालक बसलेले. एरवी आपल्या मुलाचं झालं की माणसं निघतात, पण त्या दिवशी सगळे थांबले होते. मागे दोन बाप एकमेकांच्या कानाला लागले आणि हसले. मला काय झालं कोण जाणे. मला वाटलं, आता हे म्हणतायत की आजोबा खुर्चीत, आई टेबलाला, मग काय, पोरीची मज्जाच आहे. त्यांच्या तोंडून एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं.

मुलीने काता केला. चुकली नाही. मी कागदावर बघत होते. पास व्हायला दहापैकी सात लागतात. मी सहा लिहिले.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि पुढची पाच मिनिटं त्या सहाकडे बघत बसले. खोडरबर टेबलावरच होता. मी खोडलं नाही. उलट मनात म्हणत होते की बाबा नापास करणारच आहेत, मग माझ्या आकड्याने काय फरक पडतो. स्वतःला फसवायला माणूस किती हुशार होतो! वडिलांनी दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं. मग निकाल वाचला. त्यांच्या कागदावर नऊ होते.

नियमाप्रमाणे कमी असतील ते. मुलगी नापास झाली.

तिने शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला, मॅटवरून उतरली, चपला हातात घेऊन खाली गेली. लोक पांगले. आई चहाची भांडी गोळा करत होती. वडील खुर्चीतून उठले आणि एवढंच म्हणाले, "मी नऊ दिले होते गो." मी त्यांच्यावर ओरडले. हो, त्यांच्यावर. नियम कुणाचा, मला दोनदा कुणी पाडलं, या घरात लोकांची भीती कुणी आणली, जे जे तोंडात आलं ते बोलले. ते ऐकत उभे राहिले. म्हातारा माणूस, हातात दोन कागद. त्यांनी त्यातला माझा कागद घडी करून खिशात घातला, जणू तो कुणी बघायला नको होता. त्याचाही मला राग आला.

मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. रडली नव्हती. तिने विचारलं, "आई, मी कुठं चुकले?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

"मग सहा कसे?"

मी सगळं सांगितलं. मागे बसलेले ते दोन बाप, त्यांचं हसणं, मला जे वाटलं ते. सांगताना ते इतकं फुटकळ वाटत होतं की मला माझाच आवाज नकोसा झाला. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "हे उद्या वर सांगशील? सगळ्यांच्यासमोर?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. मुलं रांगेत उभी, वडील खुर्चीत, जिन्यात काही पालक. मी म्हटलं, काल मी चुकीचे गुण दिले, आणि जाणूनबुजून दिले. मग वडील उठले आणि म्हणाले की घरच्यांचा तो नियम आजपासून बंद, आणि माझी नात पास आहे. आई पट्टा आणायला वळलीसुद्धा.

मुलगी म्हणाली, "आजोबा, असा नको. परत परीक्षा घ्या. पण तुम्ही नको आणि आई पण नको. बाहेरचं कुणीतरी बोलवा."

आमच्या वर्गात बाहेरचा परीक्षक कधी आला नव्हता. वडिलांचा तो अभिमान होता. त्यांचा चेहरा पडला, ते मी पाहिलं, आणि त्या क्षणी मला मुलीचाच राग आला. पंधरा वर्षांच्या पोरीने भर वर्गात आजोबांना असं म्हणावं! मग लक्षात आलं की आम्ही दोघांनी मिळून तिला दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. मी सांगलीला कराटे शिकवणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी यायला तयार झाल्या.

त्या रविवारी मुलीच्या अटीप्रमाणे वडील आणि मी हॉलच्या बाहेर. वडील खाली घरात गेले आणि रेडिओ लावून बसले. मी जिन्यावर, पालक बसतात तिथे बसले. इतक्या वर्षांत त्या पायऱ्यांवर मी कधी बसले नव्हते. दगड तापतो, पाठ टेकायला काही नाही, आणि आतलं काहीच दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

थोड्या वेळाने एक बाई धाकट्या मुलीला घेऊन आली. छोट्यांची बॅच परीक्षेनंतर होती आणि ती लवकर आली होती. तिला मी ओळखत होते. नवरा कतारला, घरी दोन मुली, दोघी आमच्याकडे. मोठी चौदाची, ब्राऊन पट्ट्याची, माझ्या मुलीच्या मागोमाग काळ्या पट्ट्याला बसेल अशी. ती महिनाभर आली नव्हती. मी धरून चालले होते की दहावीची शिकवणी आधीच लागली असेल. फोनही केला नव्हता, कारण त्या महिन्यात मला माझ्याच घरातलं उरकत नव्हतं.

आतून मुलीची आरोळी आली. बाई म्हणाली, "तुमचीच ना? आवाज कळतो तिचा." आणि पुढे, "त्या दिवशी आम्ही सगळे तिच्यासाठीच थांबलेलो. आधी बोलत होतो, आज ह्या पोरीचा काता बघूनच जायचं."

मी विचारलं, "घरची म्हणून पास होईल, असं कुणी म्हणालं नाही?"

"कशाला म्हणतील? दिसत नाय काय आम्हाला?" तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

मला वडिलांना वर बोलावून हे ऐकवायचं होतं. आणि ऐकवायची हिंमत नव्हती. या एका गोष्टीपायी माझी स्पर्धा गेली, पंधरा वर्षांच्या पोरीला आईवर अविश्वास दाखवावा लागला, आणि ती गोष्ट या जिन्यावर कुणाच्या मनातही आली नव्हती.

मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "मोठी येत नाही हल्ली? शिकवणी लागली का?"

"शिकवणी नाय," ती म्हणाली. तिने धाकटीच्या पट्ट्याची गाठ सोडून परत नीट बांधायला घेतली. "ती त्या दिवशी घरी आली ती बोललीच नाय. रात्री सांगितलंन, मॅडमनी स्वतःच्या पोरीला नाय पास केलं, एवढं येतं तिला. मला काय पास करणार? तेव्हापासून नाय म्हणते. मी दोनदा आणायला बघितलं. रिक्षात बसली आणि खाली उतरली."

"मी तर वर्गात सांगितलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी. माझी चूक होती म्हणून."

"धाकटीनं सांगितलं घरी. मोठीला सांगितलं मी. ती म्हणते, सांगितलं ते चांगलं केलं, पण मी नाय जाणार."

मी म्हटलं, "मी आज संध्याकाळी येते तुमच्याकडे. मी बोलते तिच्याशी."

"या की," ती म्हणाली. आणि मग धाकटीकडे बघून, जरा ओशाळून, "पण तिचा ड्रेस आता हीच घालते, मॅडम. नवीनच होता, पडून राहण्यापेक्षा म्हटलं... बाह्या कापल्या मी परवा."